चार बोटांचं जाळं

मिरगाचा पाऊस पडून लेंडी नदीला गढूळ पाणी आलं की आबा रात्री झोपत नसत. ओट्यावर बसून कान देत. "मासे चढायलेत," म्हणत. मला नुसती पाण्याची खळखळ ऐकू यायची. जाळं मात्र खुंटीवरच असायचं. चढणीचा मासा गाभोळी घेऊन निघतो, ओढ्यातल्या बुडालेल्या गवतात अंडी घालायला. आबांचं म्हणणं एकच, "चढत्याला वाट, उतरत्याला जाळं."

आम्ही मुखेड तालुक्यातले भोई. आबांच्या आज्यानं निजामाच्या राज्यात मेणे वाहिले, पुरात माणसं पैलतीरी नेली. सडका झाल्या, एसट्या आल्या आणि खांद्यावरचं काम गेलं. उरलं ते पाणी. ते संपलं तर तिसरं काही नव्हतं, हे आबा पुरतं ओळखून होते.

सुती दोऱ्याचं जाळं ते स्वतः विणत. गाठ मारली की चार बोटं आडवी घालून बघत. बोटं आरपार गेलीच पाहिजेत. मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळत, दोरा कुजू नये म्हणून. घरभर तुरट वास सुटे. भोकातून वीतभर मासा निसटला की आम्ही पोरं हळहळायचो. "जाऊ दे लेकरा, दिवाळीला भेटंल," आबा म्हणत.

मरळीची गोष्ट तर मी डोळ्यांनी पाहिलेली. गवताच्या आडोशाला पाण्यावर शेंदरी-लाल पुंजका हलत होता, मूठभर कुंकू सांडल्यासारखा. जवळ गेलो तर शेकडो पिलं. खाली काळी मरळ पहाऱ्याला. अशा वेळी ती जागची हलत नाही, मारायला सगळ्यांत सोपी. आबांनी माझा हात धरला. माय गेली की तासाभरात बाकीचे मासे पिलांचा फडशा पाडतात. पुंजक्याखालच्या मरळीवर हात टाकणाऱ्याच्या घरी आबा जेवायला जात नसत.

सगळे जुने लोक शहाणेच होते, असं मी म्हणणार नाही. हिंगणबेटाची फळं कुटून पाण्यात टाकायची आणि गुंगलेले मासे वेचायचे, हे आमच्यातही चाले. आबा ते फक्त आटत्या डबक्यात करू देत. तिथला मासा तसाही चार दिवसांत मरणारच. देवळाखालचा डोह राखीव होता, पण 1972च्या दुष्काळात तोही उपसला गेला. उपाशी माणसाला कुणी अडवलं नाही. महाडकडे काळ नदीवर वाळण कोंडीत वरदायिनी देवीच्या नावानं मासे राखलेले आहेत, हे मी पुढं वाचलं तेव्हा आमचा डोह आठवून गलबलून आलं.

आता नायलॉनचं जाळं येतं, मच्छरदाणीइतकं बारीक. मोटारीच्या तारेचा करंट सोडतात, ब्लीचिंग पावडर ओततात. विष आणि स्फोटकं टाकून मासे मारायला 1897च्या कायद्यानंच बंदी घातली होती. मला याचा राग येतो, आणि तो लपवावा असंही वाटत नाही.

बीज विकत आणून सोडता येतं, हे खरं. 1957 साली ओडिशात अंगुलला शास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी इंजेक्शन देऊन कार्प माशांची वीण घडवली. तिथून पुढं कटला, रोहू, मृगळाचं बीज हवं तेव्हा मिळू लागलं. तलावांना त्यानं मोठा आधार दिला. पण हे मासे साचल्या पाण्यात सहसा वीत नाहीत. बोटुकली दरवर्षी विकत आणावी लागते. मरळीला फक्त गवत लागतं आणि दोन महिने उसंत. भंडारा-गोंदियात मनीष राजनकर आणि तिथल्या ढीवर बांधवांनी तलावांतली बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा देशी मासे परतले. आमच्याकडं लेंडीवर गोणेगावला धरण उभं आहे, मांजरा नदीतून वर येणाऱ्या माशाची वाट तिथं बंद. म्हणून वरचे ओढे आणि गावतळी जपणं आता आमच्याच हातात आहे. पावसाळ्याचे पहिले दोन महिने जाळी खुंटीवर आणि बाकीचे दहा महिने चार बोटांचं भोक, एवढं प्रत्येक मच्छीमार सोसायटीनं ठरवावं, असं मी भेटेल त्याला सांगतो.

गेल्या पावसाळ्यात गावतळ्याच्या कडेला तसाच लाल पुंजका दिसला. शेजारी एक पोरगा गळ टाकून बसला होता. त्याला दाखवला.

"काका, यांची माय कुठंय?"

मी खालच्या सावलीकडं बोट केलं. त्यानं बराच वेळ बघितलं, मग दोरी गुंडाळली आणि गळ घेऊन पलीकडं सांडव्यापाशी जाऊन बसला.