मंदसोरला गेलेलं चांदवड

आमच्या चांदवडचा होळकरांचा रंगमहाल पाहायला येणाऱ्यांना मी मंदसोरचा तह आवर्जून सांगतो. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकर इंग्रजांकडून हरले. लढाईच्या तोंडावरच कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा शिप्रेकाठी शिरच्छेद झाला होता, आणि गादीवर होते अकरा वर्षांचे मल्हारराव. अशा दरबाराकडून तात्या जोग इंग्रजांच्या जॉन माल्कमसमोर बसले. ६ जानेवारी १८१८ ला तह झालासुद्धा!

राजपूत राज्यांवरचे हक्क सोडायचे, परराज्यांशी परस्पर बोलणी करायची नाहीत, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख द्यायचा. या शेवटच्या कलमात चांदवड गेलं. इथल्या टांकसाळीचा चांदवडी रुपया दूरवर चालत असे. होळकरांचाच सरदार गफूरखान याला मात्र जावऱ्याची जहागीर कायम करून मिळाली. हरलेल्याच्या घरातच जेत्याने आपला माणूस उभा केला, हे मला फार बोचतं. तात्यांना दोष द्यायला मन धजत नाही, त्यांनी इंदूरची गादी वाचवली.

याच कलमात द्यायच्या थाळनेरचे किल्लेदार तुळशीराम मामा यांनी तहानंतरही किल्ला सोडला नाही. फेब्रुवारीत किल्ला पडल्यावर इंग्रज सेनापती हिस्लॉपने त्यांना फाशी दिलं. पुढे लंडनच्या पार्लमेंटातही त्या फाशीबद्दल प्रश्न उठले.