रावबहादूर एन. शिवराज : एका विस्मृत अध्यक्षाचे कार्य

शहापूर व मुरबाड तालुक्यांतील खेड्यांत आंबेडकरी चळवळीचा विचार प्रामुख्याने मुंबईतून आला. तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जाते. त्याच मुंबईत पोटासाठी गेलेली येथील माणसे सुट्टीत घरी परतताना सभा-संमेलनांच्या हकिकती गावोगाव आणीत. त्यामुळे चळवळीतील मराठी नेत्यांची नावे आमच्या तानसा परिसरात आजही आदराने घेतली जातात. परंतु शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे आणि त्यानंतर रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्षपद ज्यांनी भूषविले, त्या रावबहादूर एन. शिवराज यांचे नाव क्वचितच कानी पडते. हे विस्मरण केवळ एका व्यक्तीचे नाही. म्हणून त्यांच्या कार्याचा येथे परामर्श घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

शिवराज यांचा जन्म २९ सप्टेंबर १८९२ रोजी झाला. ते मद्रास इलाख्यातील आदिद्रविड समाजाचे. या समाजाला स्वाभिमानाची आणि बुद्धविचाराचीही स्वतंत्र परंपरा होती. पंडित अयोतिदास यांनी १८९८ मध्ये बौद्ध धम्माचा स्वीकार करून मद्रासमध्ये शाक्य बौद्ध संघटना उभारली होती. प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांचा बुद्धधम्मावरील इंग्रजी ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे १९४८ मध्ये त्याची नवी आवृत्ती स्वतः बाबासाहेबांनी प्रस्तावनेसह काढली. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांसमवेत अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व करणारे रेट्टमलै श्रीनिवासन हेही याच समाजाचे. अशा भूमीत शिवराज घडले. त्यांनी वकिली केली, विधी महाविद्यालयात अध्यापन केले आणि जस्टिस पक्षातर्फे १९२६ पासून दहा वर्षे मद्रास कायदे कौन्सिलात काम केले. १९३७ नंतर ते मध्यवर्ती कायदेमंडळाचे सभासद झाले.

त्यांच्या कार्याचे खरे महत्त्व मात्र नागपूरच्या परिषदेपासून सुरू होते. बाबासाहेबांनी १९३६ साली स्थापन केलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे कार्यक्षेत्र मुख्यतः मुंबई इलाखा आणि मध्यप्रांत-वऱ्हाड एवढेच राहिले. क्रिप्स योजनेत अस्पृश्यांच्या मागण्यांना स्थान मिळाले नाही, तेव्हा साऱ्या देशातील अस्पृश्यांचे एक संघटन उभे करणे अपरिहार्य झाले. १८ ते २० जुलै १९४२ या काळात नागपूर येथे परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा निर्णय झाला. परिषदेचे अध्यक्ष होते शिवराज. सरचिटणीसपद पां. ना. राजभोज यांच्याकडे आले. परिषदेस जमलेला समुदाय बहुसंख्येने मराठी होता, अध्यक्ष मात्र तामिळ होता. आमच्या मते हा योगायोग नव्हता. बाबासाहेबांना एका प्रांताची वा एका जातीची संघटना नको होती, हे या निवडीतूनच स्पष्ट होते.

बाबासाहेब त्याच महिन्यात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. साहजिकच फेडरेशनच्या वतीने बोलण्याची जबाबदारी अनेक प्रसंगी शिवराज यांच्यावर आली. मे १९४५ मध्ये मुंबईत परळ येथे फेडरेशनचे अधिवेशन झाले. जातीय तेढीवरील बाबासाहेबांचे प्रसिद्ध भाषण याच अधिवेशनातले. त्या वेळी भरलेल्या महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या शिवराज यांच्या पत्नी मीनाम्बाळ. पुढच्याच महिन्यात लॉर्ड वेव्हेल यांनी सिमला येथे परिषद बोलाविली. तेथे काँग्रेस व मुस्लिम लीग यांच्या पुढाऱ्यांसमोर अनुसूचित जातींचे प्रतिनिधी म्हणून शिवराज बसले होते. त्याच काळात, १९४५-४६ मध्ये, ते मद्रास शहराचे महापौरही होते.

१९४६ च्या निवडणुकांत फेडरेशनचा मोठा पराभव झाला. तेव्हा बाबासाहेबांना संविधान सभेत पाठविले ते बंगालने, जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मद्रासचा अध्यक्ष, महाराष्ट्राचा सरचिटणीस आणि बंगालची मते : संघटन अखिल भारतीय असल्याचा अर्थ काय, हे याहून स्पष्ट कसे सांगावे?

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ च्या निवडणुकीत शिवराज चेंगलपट्टूतून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली आणि पक्षाचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांचीच निवड झाली. पंधरा वर्षांपूर्वीचाच निर्णय समाजाने पुन्हा घेतला होता. या वेळी बाबासाहेबांच्या अनुपस्थितीत.

येथे सत्य लपवून चालणार नाही. शिवराज अध्यक्ष असतानाच पक्षात फूट पडली. दादासाहेब गायकवाड आणि बी. सी. कांबळे यांच्या मार्गांत अंतर पडले आणि ‘दुरुस्त’ व ‘नादुरुस्त’ हे शब्द वस्तीवस्तीत पोहोचले. ही फूट शिवराज यांना थांबविता आली नाही. १९६२ मध्ये पक्षाला लोकसभेच्या तीन जागा मिळाल्या, त्या तिन्ही उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रातून एकही नाही. पक्षाचे सर्वांत मोठे बळ जेथे होते, तेथेच आपण दुभंगलो. दोष दूरच्या अध्यक्षाचा की जवळच्या अनुयायांचा, याचा विचार वाचकांनीच करावा.

२९ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत शिवराज यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, ६ डिसेंबरला, दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातील प्रमुख मागणी होती. ती मागणी पंजाबात आणि महाराष्ट्रात एकाच वेळी उठली; कारण प्रांतांना जोडणारा पक्ष फुटीनंतरही पुरता मोडला नव्हता. जंगल व तलाव यांच्या मध्ये तुटपुंज्या जमिनीवर जगणाऱ्या आमच्या शहापूर-मुरबाडच्या बौद्ध आणि आदिवासी कुटुंबांना या मागणीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

ज्या समाजाने आपल्या भाषेचा नसलेला, आपल्या जातीचा नसलेला माणूस दोन वेळा अध्यक्षपदी बसविला, तोच समाज पुढे जिल्ह्याजिल्ह्यांच्या गटांत विभागला गेला, ही वेदना आम्हांस आहे. जातिअंताची भाषा बोलणाऱ्यांची कसोटी नेत्याच्या निवडीत लागते. १९४२ मध्ये आणि १९५७ मध्ये आपण त्या कसोटीस उतरलो होतो. शिवराज यांचे स्मरण करायचे ते याचसाठी. येत्या २९ सप्टेंबरला आपल्या विहारांतून त्यांच्या कार्यावर दोन शब्द बोलले जावेत आणि ते प्रथम मुलांच्या कानी पडावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे.