रांगण्याची वाट आणि एका दिवसाचा हिशेब

सह्याद्रीचा इतिहास आपण बहुधा किल्ल्यांच्या नांवांनीं आणि लढायांच्या सालांनीं स्मरतों. किल्ला कोणीं बांधला, कोणीं घेतला, हें आपणांस ठाऊक असतें. परंतु तेथवर माणसें चालत कशीं गेलीं, त्यांनीं कोणता महिना निवडला, वाट कोणास विचारली आणि परतण्याची काय तजवीज केली, हें फारसें कोणी पाहत नाहीं. वास्तविक रानांतील जय-अपजय पुष्कळदां याच गोष्टींवर ठरले आहेत. कोल्हापूर जिल्ह्यांतील गारगोटीहून रांगणा किल्ला एका दिवसांत पाहून येण्याचा बेत अनेक मंडळी करतात. त्यांच्या उपयोगी पडेल अशा दृष्टीनें या रानवाटेचा इतिहास आज पाहूं.

गारगोटी हें भुदरगड तालुक्याचें मुख्य ठिकाण वेदगंगेच्या कांठीं वसलें आहे. नदीच्या उगमाच्या दिशेनें सुमारें तीस-बत्तीस किलोमीटर गेलें म्हणजे पाटगांव लागतें. येथें मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिणेच्या मोहिमेस निघण्यापूर्वीं शिवाजी महाराज त्यांच्या दर्शनास आले होते, अशी परंपरा सांगते. पाटगांवच्या पुढें भटवाडी, आणि तेथून चिक्केवाडीवरून दाट झाडींतली वाट रांगण्यास जाते. किल्ला घाटमाथ्याच्या अगदीं कडेला उभा असून एका अरुंद खिंडीनें मुख्य डोंगरास जोडलेला आहे. पलीकडे खोल खालीं कोंकण पसरलें आहे.

या डोंगररांगेंतील रान परक्यास किती निष्ठुर होऊं शकतें, याचें उदाहरण रांगण्याच्या उत्तरेस, खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, याच्या परिसरांत घडलें. १४५३ सालीं बहामनी सरदार मलिक-उत्-तुजार यानें शिर्क्यांस वाटाडे म्हणून पुढें घातलें. फिरिश्ता लिहितो कीं, पहिले दोन दिवस वाट रुंद व सोपी होती. तिसऱ्या दिवशीं फौज अशा गर्द रानांत शिरली कीं, एकाची दुसऱ्यास गांठ पडेना. सेनापति स्वतः आजारी पडला होता. रात्रीं छापा आला आणि त्या फौजेचा नाश झाला. शिर्क्यांस वाट माहीत नव्हती असें नाहीं. ती पुरेपूर माहीत होती. चूक झाली ती ज्यांचा मुलूख जिंकावयाचा त्यांच्याच भरंवशावर चालण्यांत. रान त्या रानांतल्या माणसाचें असतें. त्याचा स्नेह जोडल्यावांचून त्यांत पाऊल घालूं नये, हा पहिला धडा.

दुसरा धडा ऋतूचा. पुढें महमूद गवान या प्रांतीं आला, तेव्हां त्यानें घाई केली नाहीं. पावसाळा लागतांच घाटांवर पहारे ठेवून त्यानें आपली फौज कोल्हापूरच्या बाजूस आणली आणि गवती छपरांत मुक्काम केला, असें फिरिश्ता सांगतो. १४७० मध्यें रांगणा त्याच्या हातीं आला, तोही केवळ तलवारीनें नव्हे. द्रव्य व वाटाघाटी यांचाही त्यांत भाग होता. स्वतः गवानच्या पत्रसंग्रहांत या मोहिमेचा मजकूर आहे.

१६६७ सालीं बहलोलखान व व्यंकोजीराजे यांनीं आदिलशाहीच्या वतीनें रांगण्यास वेढा घातला. शिवाजी महाराज स्वतः चालून आले आणि मे महिन्यांत त्यांनीं तो वेढा उठविला. मृग नक्षत्र तोंडावर आलें असतां, रान कोरडें आहे तोंवरच हें काम उरकलें गेलें, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. पुढें १७०८ च्या सुमारास ताराबाई पन्हाळ्याहून रांगण्यास आल्या आणि शाहूमहाराजांच्या फौजेनें किल्ल्यास वेढा घातला. रामचंद्रपंत अमात्यांनीं ताराबाई व त्यांचे पुत्र यांस खालीं सिंधुदुर्गास सुखरूप पोहोंचविलें आणि किल्ला लढविला. अखेर पाऊस सुरू झाला व शाहूमहाराजांस माघारीं फिरावें लागलें. आंत असलेल्यांपाशीं निघून जाण्याची वाट होती. बाहेर असलेल्यांपाशीं दिवस उरले नव्हते.

याच रामचंद्रपंतांच्या नांवावर असलेल्या ‘आज्ञापत्रां’त किल्ल्यांविषयीं स्वतंत्र प्रकरण आहे. किल्ल्याची वाट सुगम करूं नये, तिच्यावरील झाडी राखावी, गडावर पाण्याची बेगमी एकाच ठिकाणीं नसावी, असा त्यांतील उपदेशाचा आशय आहे. म्हणजे रांगण्याच्या वाटेवरील झाडी एके काळीं तटाइतकीच किल्ल्याची रक्षक मानली जात होती. आजचा प्रवासी शत्रु नव्हे, तरी ती वाट त्याच्यासाठीं सोपी केलेली नाहीं, हें त्यानें विसरूं नये.

आतां या इतिहासावरून एका दिवसाचा हिशेब मांडूं. महिने निवडावेत ते मार्गशीर्ष ते माघ. पाटगांवचा परिसर अतिवृष्टीचा आहे. भर पावसांत ओढे फुगतात, दगड शेवाळतात, जळवा लागतात आणि धुक्यांत दहा पावलांवरील वाट दिसत नाहीं. पहाटे गारगोटी सोडून आठच्या आंत भटवाडी गांठावी. तेथून किल्ल्यास सुमारें तीन तास धरावेत. वाटाड्या गांवांतलाच घ्यावा, त्याची मजुरी आधींच ठरवावी आणि तो ‘आतां फिरूं या’ म्हणेल तेव्हां वाद घालूं नये. गडावर रांगणाई देवीचें मंदिर आहे, तलाव आहे, दरवाजे व तटबंदी पाहण्याजोगी आहे. दोन तास सहज जातात. परंतु एक वाजतां, कांहीं पाहावयाचें उरलें असलें तरी, उतरणीस लागावें. हिंवाळ्याचा दिवस लहान असतो, आणि झाडींत अंधार गांवापेक्षां आधीं पडतो.

पाणी माणशीं निदान तीन लिटर घरूनच घ्यावें. भाकरी, चटणी, गूळ व शेंगदाणे एवढी शिदोरी पुरते. जाण्याची व परतण्याची वेळ घरीं आणि भटवाडींत सांगून ठेवावी. डोंगरांत दूरध्वनीचा भरंवसा धरूं नये. गवे दिसल्यास थांबावें आणि त्यांस वाट द्यावी. मोहोळाखालीं धूर, विडी किंवा उग्र अत्तर यांतलें कांहींही नको. आग्या माशी उठली तर धांवूनही सुटका होत नाहीं.

मधमाशीचें नांव येथें सहज आलेलें नाहीं. पाटगांवची आज ‘मधाचें गांव’ म्हणून ख्याति आहे, आणि तो मध याच रानाच्या फुलोऱ्यावर उभा आहे. डिसेंबर २०२० मध्यें राज्य वन्यजीव मंडळानें आजरा-भुदरगड पट्टा संवर्धन राखीव म्हणून मान्य केला. पूर्वीं अमात्यांनीं झाडी राखावयास सांगितली ती राज्याच्या रक्षणासाठीं. आतां ती राखावयाची ती वेदगंगेच्या पाण्यासाठीं आणि रानाकडे पाहून जगणाऱ्या गांवांसाठीं. वाटेवर टाकलेली एक बाटली किंवा न विझवलेली एक चूल या राखणींत भगदाड पाडते.

एखाद्या दिवशीं ढग उतरले, बरोबरचा कोणी थकला, किंवा निघावयासच उशीर झाला, तर किल्ला न पाहतां परत फिरावें. त्यांत कमीपणा कसला? शाहूमहाराजांसारख्या छत्रपतीसही या रानांतून माघारीं फिरावें लागलें, आणि त्यांचें राज्य त्यानंतर चाळीस वर्षें चाललें. तिसऱ्या दिवशींही पुढेंच जात राहिला तो मलिक-उत्-तुजार मात्र परत आला नाहीं.