मूर्खांचा दिवा, शहाण्यांचा काटा

१/ १७ एप्रिल १९६४. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्ड कंपनीने 'मस्टँग' ही मोटार लोकांसमोर आणली. लांब बॉनेट, आखूड मागची बाजू, ऐट शर्यतीच्या गाडीची. पण आत बसले की समोर दिसे तो 'फाल्कन' या साध्या घरगुती गाडीवरून उचललेला डॅशबोर्ड. पेट्रोल आणि पाण्याचे तापमान यांना काटे. तेलाचा दाब आणि बॅटरीचे चार्जिंग यांना मात्र फक्त दोन दिवे.

२/ आज अशा जुन्या गाड्या जपणारे अनेक हौशी लोक ते दिवे काढून बाजारातले काटे बसवतात. काम किरकोळ वाटते. पण त्यामागे एक जुना वाद आहे: यंत्राच्या पोटात काय चालले आहे, हे चालकाला किती सांगायचे, आणि ते कोणी ठरवायचे? आजचा थ्रेड त्या वादाविषयी. 🧵

३/ आरंभीच्या मोटारी वाटेत हमखास तापत. १९१० च्या दशकात अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांचे 'मोटोमीटर' आले. हा तापमापक गाडीच्या नाकावर, रेडिएटरच्या झाकणातच बसवलेला असे. चालक समोरच्या काचेतून त्यातील द्रवाची पातळी पाही आणि पाणी उकळण्याआधी गाडी थांबवी. त्या काळचा चालक हा अर्धा मेकॅनिकच होता.

४/ पुढे ही मापके गाडीच्या आत, डॅशबोर्डवर आली. तेलाच्या दाबाचा काटा तर मोटारीहून जुन्या विद्येवर चालतो. १८४९ मध्ये फ्रेंच अभियंता यूजेन बूर्दों यांनी वाफेच्या यंत्रांसाठी एक दाबमापक शोधला. वाकवलेल्या चपट्या नळीत दाब वाढला की ती थोडी सरळ होते आणि काटा हलवते. साऱ्या करामतीचे सार एवढेच.

५/ मग दिवे का आले? १९३० च्या दशकात 'हडसन' कंपनीने काट्यांऐवजी इशारा देणारे दिवे वापरायला सुरुवात केली. १९५५ मध्ये 'शेव्हरोले'च्या घरगुती गाड्यांतही तेलाचा दाब आणि जनरेटर यांचे काटे जाऊन दिवे आले. दिवा आणि त्याचा स्विच काट्यापेक्षा स्वस्त पडतो, हे उघड कारण. दुसरे कारण सामाजिक होते. आता गाडी चालवणारा प्रत्येक जण यंत्र जाणणारा राहिला नव्हता.

६/ जाणकार मोटारप्रेमींना हे अपमानास्पद वाटले. त्यांनी या दिव्यांना नाव ठेवले 'इडियट लाइट', म्हणजे मूर्खांचा दिवा! नाव इतके रुळले की आजही तेच वापरात आहे.

७/ त्यांचा राग समजून घ्यायचा तर दिव्याची रीत पाहावी लागेल. गरम झालेल्या, धावत्या इंजिनात तेलाचा दाब साधारण ४० ते ६० पौंड प्रति चौरस इंच असतो. दिव्याचा स्विच मात्र दाब ५ पौंडांच्या आसपास घसरला की मगच दिवा पेटवतो. मधल्या साऱ्या घसरणीत दिवा गप्प! तो पेटेपर्यंत बेअरिंगना इजा झालेलीही असू शकते.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा भेद ओळखीचा वाटेल. दिवा 'घटना' सांगतो, काटा 'प्रक्रिया' सांगतो. राज्य बुडाले, हे दिवा सांगेल. खजिना किती वर्षे आटत होता, हे काट्यावरून कळेल.

९/ पण दिव्यावर अन्यायही नको. भरधाव गाडीत रस्ता सोडून काट्याकडे कोण सतत पाहणार? काटा शून्यावर आला तरी तो मुकाट्याने येतो. लाल दिवा मात्र नजर ओढून घेतो. काटा त्याच्याकडे पाहणाऱ्यालाच सांगतो, दिवा न पाहणाऱ्यालाही हटकतो. मूर्खांसाठी म्हणून हिणवलेले हे साधन खरे तर बेसावध क्षणासाठी आहे, आणि तो क्षण शहाण्यांनाही चुकत नाही.

१०/ दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुण जुन्या गाड्या उघडून त्यांना वेगवान 'हॉट रॉड' बनवू लागले. युद्धातून उरलेल्या विमानांची मापकेही काहींनी गाडीत बसवली. शिकागोच्या 'स्टुअर्ट-वॉर्नर'च्या तबकड्या तर या मंडळींच्या विशेष आवडीच्या. डॅशबोर्डखाली ओळीने लावलेले तीन काटे म्हणजे 'मला माझे यंत्र कळते' अशी जाहीर पाटीच होती.

११/ ही भूक कंपन्यांनीही ओळखली. १९६५ च्या मस्टँगमध्ये 'जीटी' पॅकेज घेणाऱ्याला पाच तबकड्यांचा डॅशबोर्ड मिळू लागला. त्यात तेलाचा दाब आणि विद्युतप्रवाह यांचे काटे परत आले होते. १९६६ पासून तो सर्वच मस्टँगना मिळाला. जे ज्ञान आधी काढून घेतले, तेच काही काळ जादा पैसे घेऊन विकले गेले!

१२/ आता प्रत्यक्ष बदलाकडे. अनेक गाड्यांत चार्जिंगचा दिवा नुसता पाहण्यापुरता नसतो. अल्टरनेटर जागा करणारा सुरुवातीचा विद्युतप्रवाह त्याच बल्बमधून जातो. निरुपयोगी समजून तो बल्ब काढला, की बॅटरी चार्ज होणेच थांबू शकते. मूर्ख ठरवलेला दिवा गुपचूप काम करत होता, हे तो काढल्यावर कळते.

१३/ काट्यालाही धोके आहेत. जुन्या पद्धतीच्या अँपिअरमापकातून गाडीचा जवळजवळ सगळा प्रवाह डॅशबोर्डमागून फिरतो; जुनाट जोड तापले तर आग लागू शकते. म्हणून आज बहुतेक जण व्होल्टमापक पसंत करतात. तेलाच्या यांत्रिक काट्याची बारीक नळी फुटली, तर गरम तेल थेट पायांवर.

१४/ आणि काटा नेहमी खरेच बोलतो असेही नाही. १९८० च्या दशकाअखेर फोर्डने आपल्या अनेक गाड्यांत तेलाचा काटा ठेवला, पण त्यामागे दिव्याचाच स्विच जोडला. दाब किमान मर्यादेच्या वर असला की काटा मध्यावर स्थिर! काट्याच्या वेषातला दिवाच तो. मालकाला वाटे, आपल्याला सर्व कळते आहे. माहिती न देण्यापेक्षा माहितीचा आभास देणे अधिक घातक नव्हे काय?

१५/ मग करावे काय? ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये 'ट्यूरिन सनद' स्वीकारली. जुनी गाडी हा सांस्कृतिक वारसा आहे, ही तिची भूमिका. हीच दृष्टी ठेवली तर वाट सोपी आहे. तेलाच्या छिद्रावर 'टी' जोड लावावा, एका बाजूला जुना स्विच, दुसऱ्या बाजूला नवा काटा. दिवा हटकत राहील, काटा सांगत राहील. मूळ पट्टी कापू नये. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपावा.

१६/ कारण ते दोन दिवे हाही एक दस्तऐवज आहे. सामान्य माणसाच्या हाती मोटार आली आणि त्याच वेळी त्या मोटारीचे अंतरंग त्याच्यापासून दुरावले, याची ती खूण आहे. काटा जरूर बसवा, पण ही खूण पुसू नका.

आपल्या घरी किंवा ओळखीत जुनी गाडी असेल, तर तिच्या डॅशबोर्डवर काय काय आहे ते खाली जरूर लिहा. 🙏