कथा उसनी, वाक्य आपलं

आजऱ्यात बोलतोय, तेव्हा सुरुवात इथल्याच माणसापासून करू. शिवाजी सावंतांचा जन्म 1940 सालचा, याच गावातला. 1967 साली ‘मृत्युंजय’ आली, तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती.

आता बघा, कर्णाची गोष्ट काही सावंतांची नाही. ती महाभारतातली, घरोघरी ठाऊक असलेली. मग सावंतांचं त्यात काय? ती कोणी सांगायची, हे त्यांनी ठरवलं. कर्ण बोलतो, कुंती, दुर्योधन, शोण, कृष्ण बोलतात. आणि मूळ ग्रंथात जिला फारशी जागा नाही, ती कर्णपत्नी वृषालीही बोलते.

त्याआधी 1290 साली ज्ञानेश्वरांनी गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9000 ओव्या रचल्या. म्हणजे आधार घेऊन लिहिणं आपल्याकडे जुनंच.

मग एआयची मदत घेतली तर बिघडलं कुठं? फरक आहे. व्यासांनी या दोघांना आशय दिला, मराठी वाक्य दिलं नाही. ते त्यांना स्वतः घडवावं लागलं, आणि तिथंच त्यांचा आवाज तयार झाला. हे यंत्र तयार वाक्यच हातात ठेवतं.

म्हणून त्याला संदर्भ विचारा, चुका दाखवायला सांगा. मिळालेले संदर्भ तपासूनही घ्या. पण पहिला खर्डा आपल्याच हातचा हवा. नंतर तो मोठ्यानं वाचा. जे वाक्य का लिहिलं हे सांगता येत नाही, ते खुशाल खोडा.