वाटेवरचें नवापूर

परगांव पाहावयास निघालेल्या माणसाला तीन गोष्टी लागतात: चालावयास वाट, खावयास अन्न आणि पाहिलेलें समजावून सांगणारा कोणीतरी जाणता. आज या तिन्ही गोष्टी पैसे टाकून मिळतात. मोठ्या शहरांतून प्रवाशांचे लहान लहान जथे वाटाड्याच्या मागून गल्लीबोळांत हिंडतात, ठरलेल्या ठिकाणीं ठरलेले पदार्थ चाखतात आणि शहर पाहिल्याच्या समाधानानें संध्याकाळीं परततात. हा धंदा फार जुना नाहीं. टॉमस कुक या इंग्रजानें १८४१ सालीं लेस्टरहून लफबरोपर्यंत अवघ्या अकरा मैलांची आगगाडीची सहल काढली. तेथून त्याचा आरंभ मानण्याची चाल आहे. परंतु धंदा नवा असला तरी त्याच्या मुळाशीं असलेली गरज जुनी आहे. ती गरज आगगाडीपूर्वीं कशी भागत असे, हें पाहावयाचें तर राजवाड्यांनीं भरलेल्या राजधानीपेक्षां वाटेवरचें एखादें लहान गांवच अधिक कांहीं सांगूं शकतें. खानदेशच्या पश्चिम टोकाचें नवापूर हें असेंच एक गांव आहे.

नवापूर रंगावली नदीच्या कांठीं वसलें आहे. पूर्वीं तें पश्चिम खानदेशांत मोडत असे. पुढें धुळें जिल्ह्यांत व १ जुलै १९९८ पासून नव्या नंदुरबार जिल्ह्यांत त्याचा समावेश झाला. सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग आणि सुरतेहून धुळ्याकडे येणारा हमरस्ता हे दोन्ही त्याच्या अंगावरून जातात. बाहेरच्या माणसाला या गांवाचें नांव ठाऊक असलेंच, तर तें बहुधा तेथील स्टेशनामुळें. १ मे १९६० रोजीं मुंबई राज्याचीं दोन राज्यें झालीं, आणि सरहद्दीची रेघ या स्टेशनाच्या मधून गेली. सुमारें आठशें मीटर लांबीच्या फलाटापैकीं तीनशें मीटर महाराष्ट्रांत व पांचशें मीटर गुजरातेंत पडला. तिकिटाची खिडकी एका राज्यांत, तर स्टेशनमास्तरांची कचेरी दुसऱ्या राज्यांत. गाड्यांच्या सूचना मराठी, गुजराती, हिंदी व इंग्रजी अशा चार भाषांत दिल्या जातात. फलाटावर एक बाक आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्राचा व अर्धा गुजरातचा. प्रवासी त्या बाकावर बसतो, छायाचित्र काढवून घेतो आणि गाडी सुटण्यापूर्वीं आपल्या डब्यांत परततो. नवापूर त्यानें पाहिलेलें असतें! याखेरीज एकदां या गांवाचें नांव वर्तमानपत्रांतून गाजलें, तें फेब्रुवारी २००६ मध्यें, कोंबड्यांवर आलेल्या रोगाच्या सांथीमुळें. एक गंमत आणि एक आपत्ति, एवढ्यावरच गांवाची ओळख संपावी ही स्थिति कांहीं समाधानाची नव्हे.

साडेतीनशें वर्षांपूर्वींच्या एका प्रवाशानें मात्र याच गांवाची निराळी नोंद करून ठेविली आहे. झां बाप्तिस्त ताव्हेर्निये हा पॅरिसचा जवाहिऱ्या. हिऱ्यामाणकांच्या व्यापारासाठीं त्यानें पूर्वेकडे सहा वेळां प्रवास केला व त्या प्रवासांचा वृत्तांत १६७६ सालीं प्रसिद्ध केला. सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गें आग्र्यास जाणाऱ्या वाटेचे मुक्काम त्यानें कोसांसह एकामागून एक दिले आहेत. बारडोली, वालोड, कारका, नवापूर, नंदुरबार, शिंदखेडें, थाळनेर, चोपडें, रावेर आणि बऱ्हाणपूर अशी ती मालिका आहे. यांतील पुष्कळ गांवें त्यानें केवळ नांव व अंतर देऊन सोडून दिलीं. नवापुराशीं मात्र त्याची लेखणी थांबली.

त्याच्या वर्णनाचें सार असें आहे: हें मोठें खेडें असून विणकरांनीं भरलेलें आहे, परंतु येथला मुख्य व्यापार तांदळाचा. जवळून नदी वाहते. तिच्यामुळें जमीन सुपीक झाली आहे आणि भाताला हवें तेवढें पाणी मिळतें. येथील तांदळाचा दाणा नेहमींच्या तांदळाहून पुष्कळच बारीक असतो. शिजल्यावर तो बर्फासारखा पांढरा दिसतो आणि त्याला कस्तुरीसारखा सुवास येतो. हिंदुस्थानांतील सरदार दुसऱ्या तांदळाला शिवत नाहींत, आणि इराणांत कोणाला मनाजोगती भेट द्यावयाची असेल तर या तांदळाचें एक पोतें न्यावें. जगांतील उत्तमोत्तम हिरे हाताळणारा हा माणूस. एक मोठा निळा हिरा त्यानें फ्रान्सच्या राजाला विकला. त्याच पारख्याच्या नजरेनें त्यानें नवापूरचा तांदूळ पारखला, आणि परक्या दरबारांत नेण्याजोगी वस्तु म्हणून तिची शिफारस केली.

हें त्याला दिसलें कसें? आजच्या प्रवाशाला जें दिसत नाहीं तें त्याला दिसावें, याचें कारण त्याच्या बुद्धींत नसून त्याच्या वाहनांत होतें. त्या काळीं प्रवास बैलाच्या पावलानें चाले. दोन बैलांच्या गाडीचें भाडें दिवसाला सुमारें एक रुपया पडे. सुरतेहून आग्र्यास पोंचण्यास पस्तीस ते चाळीस दिवस लागत व भाडें चाळीस-पंचेचाळीस रुपयांपर्यंत जाई. वाटेंत बंजाऱ्यांचे तांडे भेटत. मोगल बादशहाकडे वकील म्हणून निघालेला सर टॉमस रो हा १६१५ सालीं ऑक्टोबरच्या अखेरीस सुरतेहून निघून पंधरवड्यांत बऱ्हाणपुरास पोंचला. त्याला या प्रवासांत एके दिवशीं धान्य लादलेले दहा हजार बैल एकाच तांड्यांत दिसले. असा तांडा अरुंद वाटेंत आडवा आला, म्हणजे तो सगळा निघून जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावें लागे, असें ताव्हेर्निये सांगतो. म्हणजे थांबणें हा प्रवासाचा अपवाद नव्हता. तो प्रवासाचाच एक भाग होता. आणि जेथें थांबावयाचें तेथें शिधा घ्यावयाचा, चूल मांडावयाची, पाणी कोठलें गोड तें विचारावयाचें. गांवाची ओळख अशी पोटापासून सुरू होई.

त्या काळच्या प्रवाशाचें जेवणहि साधें होतें. हिंदु वस्तीच्या खेड्यांत पीठ, तांदूळ, तूप, दूध व भाजीपाला मिळे. मांस मिळावयाचें तें बहुधा जेथें मुसलमान अंमलदार असेल अशा मोठ्या गांवीं. संध्याकाळीं मुक्काम पडला, कीं डाळ-तांदूळ एकत्र शिजवून त्यावर तूप घालावें व ती खिचडी खाऊन निजावें, हा शिपायांचा व गाडीवानांचा नित्याचा क्रम ताव्हेर्नियेनें टिपून ठेविला आहे. ज्या गांवीं तांदूळच कस्तुरीच्या वासाचा मिळे, तेथल्या मुक्कामाची आठवण पॅरिसपर्यंत टिकली, यांत नवल नाहीं.

मात्र या वाटेवर सुवासाबरोबर भयहि होतें. कारक्याहून नवापूर पंधरा कोस. मधला मुलूख झाडीचा. वालोडहून नवापूरपर्यंतचा टप्पा फार लांबचा पडे आणि तेथें क्वचितच एखादा काफिला बिनधोक पार होई. ही अडचण ओळखून शहाजहानची कन्या जहानआरा बेगम हिनें कारका येथें सराई बांधविली. पुढें त्या ठिकाणालाच बेगमेची सराई म्हणूं लागले. सुरत बंदराचें उत्पन्न शहाजहाननें याच कन्येकडे लावून दिलें होतें. बंदरांतील माल ज्या वाटेनें जावयाचा ती वाट सुरक्षित असावी, असें तिला वाटणें स्वाभाविक होतें. धर्म आणि हिशेब यांची अशी सांगड आपल्याकडील पुष्कळ धर्मशाळांच्या मुळाशीं सांपडते. त्यामुळें त्या पुण्याला उणेपणा येत नाहीं.

या भयाची दुसरी बाजू प्रवाशांच्या पुस्तकांत फारशी येत नाहीं. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० सालीं याच वाटेनें गेला. उजव्या हाताच्या डोंगरांत बागलाणचा राजा प्रतापशहा याचे किल्ले आहेत आणि मोगलांनाहि ते आटोपत नाहींत, असें त्यानें लिहिलें. नंदुरबारच्या अलीकडील एका गांवाला त्यानें चोरांनीं भरलेलें गांव ठरविलें, आणि तेथें मोहाचें मद्य पुष्कळ होतें हेंहि सांगितलें. तें मद्य त्यानें चाखलें. चाखवणाऱ्याचें नांव किंवा जात विचारली नाहीं. बागलाणचें राज्य १६३८ सालीं औरंगजेबानें घेतलें. डोंगर आणि डोंगरांतील माणसें मात्र होतीं तेथेंच राहिलीं.

नवापूरच्या भोंवतालचा मुलूख भिल्ल, मावची, कोकणी, गावीत या लोकांचा. ज्याला प्रवासी लूट म्हणत, ती या लोकांच्या दृष्टीनें कित्येकदां वाटेवरची आपली पट्टी होती. खानदेशांत भिल्ल नाइकांकडे वाटांची व घाटांची रखवाली परंपरेनें असे व तिच्याबद्दल त्यांचे हक्क ठरलेले असत. हक्क मिळाला तर तेच वाटसरूला सुखरूप पोंचवीत. हक्क बुडाला तर वाट बंद पडे. वाटसरूच्या सोबतीला जाणाऱ्या अशा राखणदाराला जुन्या मराठींत वळावा म्हणत. आजचा शहर दाखविणारा वाटाड्या हा एका अर्थीं त्या वळाव्याचाच वारस होय. दोघांचेंहि भांडवल एकच, तें म्हणजे भूमीचें ज्ञान. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे गेल्यावर डोंगरांत कित्येक वर्षें झगडा चालला. १८२५ सालीं औट्रमच्या हाताखालीं भिल्ल पलटण उभी राहिली आणि वाटेचे राखणदार सरकारचे शिपाई झाले. पुढें १८७८ च्या जंगल कायद्यानें रान सरकारच्या ताब्यांत गेलें. ज्यांच्या वाटेवरून जग गेलें त्यांच्या हातीं ना वाट राहिली ना रान.

वाटेचेंहि भाग्य फिरलें. सुरतेचा व्यापार ओसरून मुंबईचा वाढला. १८६५ सालीं थळ घाटांतून आगगाडी वर चढली, आणि खानदेशचा कापूस मुंबईकडे वळला. जुनी सुरत-बऱ्हाणपूर वाट मागें पडली. १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याचा लोहमार्ग सुरतेहून अंमळनेरपर्यंत पुरा झाला, तेव्हां नवापूर पुन्हा मोठ्या रस्त्यावर आलें. पण आतां मुक्काम नव्हता. गाडी थांबे तेवढाच विसावा. सराईची रात्र गेली आणि स्टेशनावरचीं कांहीं मिनिटें हातीं राहिलीं. १९६० सालीं राज्यें वेगळीं होतांना नवापूर, नंदुरबार, तळोदें व अक्कलकुवा या तालुक्यांतील कित्येक गांवें गुजरातेंत गेलीं. सोयरीक एका राज्यांत व शेत दुसऱ्या राज्यांत, असें पुष्कळांचें झालें. तापीवर उकाई येथें धरण बांधून १९७२ सालीं पुरें झालें आणि त्याच्या जलाशयाचें पाणी नवापूर तालुक्यापर्यंत आलें. पाण्याखालीं गेलेल्या जमिनीवर जीं घरें उभीं होतीं त्यांतील माणसांना सरहद्दीच्या बाकाची गंमत वाटत नसल्यास त्यांना दोष देतां येणार नाहीं.

तरीहि पाहणाऱ्याला येथें पुष्कळ पाहण्याजोगें आहे. मात्र त्यासाठीं गाडी सोडून द्यावी लागते. नंदुरबारच्या मानानें या तालुक्यांत पाऊस अधिक, म्हणून भाताचें पीक आजहि येथलें मुख्य पीक आहे. पावसाळ्याच्या दिवसांत स्टेशनावरून नदीकडे आणि नदीवरून शेतांकडे पायीं गेलें, म्हणजे ताव्हेर्नियेनें नदी, जमीन आणि तांदूळ हीं तीन नांवें एका ओळींत कां गुंफलीं, हें पुस्तकावांचून कळतें. नवापूरच्या तूरडाळीला अलीकडे भौगोलिक मानांकनाची नोंद मिळाली आहे. तांदूळ आणि डाळ, म्हणजे जुन्या गाडीवानाची खिचडीच. ती या गांवांत अजूनहि गांवच्याच धान्याची होऊं शकते. आठवड्याच्या बाजारांत मराठी, गुजराती, अहिराणी, मावची व भिल्ली या बोली एकमेकींत मिसळून ऐकूं येतात. फलाटावर जी रेघ स्पष्ट दिसते, ती त्या बोलण्यांत शोधूनहि सांपडत नाहीं.

म्हणून नवापुरास कोणी प्रवाशांसाठीं पायीं सहल काढावयाची म्हटलें, तर तिचा आरंभ त्या बाकापाशीं करण्यास हरकत नाहीं. शेवट मात्र तेथें होऊं नये. आणि वाटाड्या असावा तो याच मातींतला, मावची किंवा भिल्ल घरांतला. जुन्या प्रवाशांनीं तांदळाचा वास लिहून ठेविला, पण तो पिकविणाराचें नांव लिहिलें नाहीं; मोहाची चव सांगितली, पण तो वेंचणाऱ्या हातांना चोर म्हटलें. तो वृत्तांत अर्धाच राहिला आहे. उरलेला अर्धा त्या वळाव्यांच्या वंशजांनीं आपल्या तोंडानें सांगावा आणि पाहुण्यानें तो बसून ऐकावा. पाहुण्याला तेवढा वेळ नसेल तर त्यानें नवापूर ओलांडलें एवढेंच म्हणावें. पाहिलें असें म्हणूं नये.