नाणेघाटांतील राणीचें नांव

जुन्नराहून कोंकणांत जाणारा नाणेघाट उतरूं लागतांच जें लेणें लागतें, त्याच्या मागील भिंतीवर एके काळीं सातवाहन राजकुलांतील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आज पावलांच्या कांहीं खुणांवांचून त्यांतलें कांहीं उरलेलें नाहीं. मूर्तींच्या डोक्यांवर कोरलेलीं नांवें मात्र राहिलीं: शिमुक सातवाहन, देवी नायनिका व श्रीसातकर्णि, महारठि त्रणकयिर इत्यादि. ('महारठि' पदाचा महाराष्ट्र शब्दाशीं संबंध कसा लावावा हा वाद जुना आहे, त्यांत येथें शिरत नाहीं.)

बाजूच्या दोन भिंतींवर ब्राह्मी लिपींत प्राकृत भाषेचा दीर्घ लेख आहे. तो इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. अश्वमेध, गवामयन आदिकरून यज्ञांची व त्यांतील दक्षिणेची ती यादीच होय. एके ठिकाणीं १७०० गाई व १० हत्ती, अन्यत्र २४,४०० कार्षापण. हे आंकडे अंकचिन्हांनीं कोरलेले आहेत. त्यांत शून्य नाहीं, शंभर व हजार यांस स्वतंत्र चिन्हें आहेत. अंकलेखनाच्या इतिहासांत म्हणूनच या भिंतींस तोड नाहीं.

परंतु यज्ञ करणाऱ्या राणीचें नांव या दीर्घ लेखांत आज वाचावयास मिळत नाहीं. भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनीं लेखाचा अभ्यास केला. ब्यूलरचें वाचन १८८३ त प्रसिद्ध झालें. लेखांतील पुत्रांचे उल्लेख आणि नष्ट मूर्तीवरील तीं चार अक्षरें यांचा मेळ घालूनच ती नायनिका ऊर्फ नागनिका ठरते. तेवढीं अक्षरें गेलीं असतीं तर ही राणी अनामिकच राहती.

अशा भिंतीवर खिळ्यानें आपलें नांव कोरणारांस काय म्हणावें? संरक्षित स्मारकास इजा करणारास २०१० च्या दुरुस्तीनें दोन वर्षेंपर्यंत कैद किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड ठरविलेला आहे. पण हानि केवळ उनाडच करितात असें नव्हे. तीस वर्षांपूर्वीं आम्ही विद्यार्थ्यांस तेथें घेऊन गेलों असतां, छायाचित्र स्पष्ट यावें म्हणून अक्षरांत खडू भरविला. सकाळचा तिरपा उजेड पुरेसा होता, हें तेव्हां सुचलें नाहीं. घरीं येऊन छापील पाठाशीं ताडून पाहतां, एका अक्षराचा काना दगडाच्या भेगेवरून ओढला गेल्याचें दिसलें. मुळांत तो काना नाहीं. तें चित्र आम्हीं अद्यापि कोणास वापरूं दिलेलें नाहीं.